पहिला मालक

आजवर माझ्या नावावर एकेचाळीस गाड्या झाल्या.
मला गाडी चालवता येत नाही.

क्वांग म्हणतो, काका, तुम्ही फक्त नाव द्या.
कोरी गाडी सीमेपार न्यायची तर कंपनी आडवी येते,
वापरलेली असली की कुणी हटकत नाही.
म्हणून सकाळी ती माझी होते:
ओळखपत्राची झेरॉक्स, दोन सह्या,
लाल शाईत बुडवलेला अंगठा.
संध्याकाळी ती जुनी होते.
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नसतं.
काट्यावर सदतीस किलोमीटर. कधी बाराच.
एवढ्या वेळात माझा चहाही जुना होत नाही.

गाडीमागे दोनशे युआन.
थर्मासच्या कारखान्यात तीस वर्षं
मी काचेची पोटं फुंकली;
त्यांतलं गरम पाणी पिणाऱ्यांनी
कधी विचारलं नाही, फुंकणारा कोण.
आता नुसत्या नावाला भाव आलाय,
तर नाही कशाला म्हणू?

तसं ते नाव वापरात उरलं नव्हतं.
इमारतीत मी तीनशे चारवाला,
क्वांगचा काका, शेन्झेनला फोनवर बाबा.
अख्खं नाव, आडनावासकट,
युन्झीच घ्यायची, स्वयंपाकघरातून,
तेही चिडली की.
दोन हिवाळे झाले.

एकोणचाळिसावी गाडी
तांदळाच्या धुवणासारख्या रंगाची.
शिआनच्या मालधक्क्यावर वारा सुटलेला,
क्वांग बॅटरीचा दाखला आणायला गेलेला,
मी आत जाऊन बसलो.
तिनं विचारलं, तुम्हाला काय म्हणू?
सरकारी खिडकीशी सांगावं तसं सांगितलं:
रेन पेइझोंग.
घर कुठं?
गल्ली सांगितली, नऊ नंबरची इमारत,
तिसरा मजलाही सांगितला,
गाडीला काय करायचाय मजला.
ठीक आहे, रेन पेइझोंग, ती म्हणाली.
मी पुन्हा विचारायला लावलं.
चारदा.
क्वांगला यातलं काही बोललो नाही.

मग आगगाडी, वाळवंट, खोर्गोस,
रुळांची रुंदी बदलते तिथं
डबे क्रेननं उचलून पलीकडच्या गाडीवर,
कागदांवर आणखी शिक्के.
माझं नाव आतल्या आत बसून गेलं,
बिनतिकिटाचं.

दोन महिन्यांनी क्वांग फोन घेऊन आला, कपाळाला आठ्या.
पडद्यावर लोकरी टोपीतली बाई,
गुडघ्यापर्यंत बूट, पाठीमागे मेंढ्या.
तोक्तोकान. तलासकडे जनावरांची डॉक्टर.
ती बोलायची, फोन भाषांतर करायचा,
फोनचा आवाज तिच्याहून तरुण.
म्हणाली, गाडी चांगली आहे,
थंडीत चार्ज भराभर उतरतो, तेवढं सोसेन.
पण रोज सकाळी ही कुणाला तरी नमस्कार करते.
मुलं गाडीलाच त्या नावानं हाक मारायला लागलीत.
परवा चुकून घराचं बटण दाबलं,
तर तीन हजार नऊशे किलोमीटर दाखवते.
वाटेत तेरा ठिकाणी थांबा म्हणते.

क्वांग म्हणाला, पुसून टाका, सोपं आहे,
सेटिंगमध्ये जा, खाली, अजून खाली.
थांबा, ती म्हणाली.
एवढी नवी गाडी कुणी का विकेल?
माझ्या मनात भलतंसलतं येतं.
रात्री-अपरात्री हिच्यातून फिरायचं असतं मला.
तो माणूस आहे ना?

क्वांगला हसू आवरेना.
आहे की, हा काय, म्हणत
त्यानं फोन माझ्याकडे वळवला.
मी हात वर केला.
अंगठा लाल होता, बेचाळिसावीच्या शाईनं;
तिला काय वाटलं असेल कोण जाणे.
ती पडद्याजवळ वाकली,
बराच वेळ काहीबाही बोलत राहिली,
मध्येच एक मेंढी ओरडली.
फोननं त्या सगळ्याचं भाषांतर केलं:
मग चालेल.