हीच का

"भंगारात एवढ्या गाड्या पडल्यात, मग हीच का?"
उद्यमबागेत कामाला आलेला दर तिसरा माणूस विचारतो.
मी म्हणतो, बस की बे, स्टूल ओढ.

एक तर हलकी.
सोळा बोल्ट काढले, चेनब्लॉक लावला
की मी, भरमा आणि इरफानचा धाकटा
आख्खी बॉडी टोपीसारखी उचलून बाजूला ठेवतो.
खाली उरते शिडी, नुसती लोखंडाची शिडी.
नव्या गाड्यांना शिडी नसते,
त्यांचं कातडं तेच हाड.
चुकीच्या जागी कापलं की मेली.

दुसरं, हिच्याकडं गमावण्यासारखं काही नाही.
तीन गिअर, सहा व्होल्ट,
वायपर तर इंजिनाच्या श्वासावर चालायचा:
तवंदीच्या घाटात धाप लागली
की काचेवरचा हात मध्येच थांबायचा.
असल्या प्रीफेक्टमध्ये अँबॅसिडरचं इसुझू घातलं
तर कुणाचं पाप लागतंय?
जिप्सीचा ॲक्सल थोडा कापला की मापात बसतो.

तिसरं सगळ्यांना सांगत नाही.
हिचं तोंड.
उभट, डोळे जरा बाहेर आलेले,
परीक्षेला उशिरा पोचलेल्या पोराचं.
त्या तोंडामागून अठराशे सीसी बोलतं तेव्हा
खानापूर रोडवरचे बुलेटवाले
आधी हसतात.

ही एकावन्न सालची, निपाणीची.
रायचंद शेठजींच्या तंबाखूच्या वखारीत उभी होती,
सीट उसवली तर आजही शिंका येतात.
काल नंबरप्लेट घासली.
वरच्या रंगाखाली मैसूर राज्य,
त्याच्याखाली मुंबई राज्य.
भरमा म्हणाला, किती फिरली असंल!
फिरलीय कुठं?
घर ते वखार, वखार ते घर.
फार तर एकदा संकेश्वर.

परवा आरटीओतले साहेब सहज म्हणून डोकावले.
कानडीत म्हणाले, हे पास कसं होणार?
मीही कानडीत: आगल्ल, सर.
हसले. चहा घेतला.
मग पँट वर ओढून उकिडवे बसले,
शिडीवरून बोट फिरवत राहिले बराच वेळ,
आणि मराठीत विचारलं,
"बोल्ट सगळे मूळचे काय हो?"

चौदा, म्हटलं.
दोन माझ्या लेथवर केलेत.
ओळखा कुठले.