पाण्याची खबर

काचबिंदूनं त्याचा दुसरा डोळाही नेला
त्या वर्षी नारळी पौर्णिमेचा नारळ मीच सोडला.
घरी आले तर हा पडवीत,
तोंड खाडीकडे करून बसलेला.
"भरती आसा की सुकती?"

पाणी आहे, म्हटलं. पाण्यासारखं.
माझी चुलीवर पेज होती.

बत्तीस वर्षं तारामुंबरीत काढली.
खाडीतली मासळी तेवढी पाहिली,
निवडली, बर्फात दाबली,
देवगडच्या बाजारात घासाघीस करून विकली.
पाणी बघायचं काम त्याचं.
तांडेल तो. बाबल तांडेल.

तो चिडायचा. मीही.
एकदा कपबशी भिंतीवर गेली,
कुणी फेकली ते आता दोघांनाही आठवत नाही.
पण दिवस कलला की पुन्हा तेच, जरा हळू:
"सांग गे, काय दिसता?"

मग सांगायला लागले,
आधी उरकून टाकल्यासारखं,
चप्पल चोरीला जाईल म्हणून
प्रदक्षिणा आटपावी तसं.

कांदळाच्या मुळांवर ओल आहे, वीतभर.
म्हणजे सुकती. नुकती लागलेली.
खांबावर खंड्या.
नाही, थांब, गेला.
सुरूच्या शेंड्यावर काकण घार, मान वाकडी करून.
पलीकडे मिठमुंबरीला कुणी जाळं झाडतंय,
बाई आहे. पाठीवरून सुगंधासारखी वाटते.
"सुगंधा नाय ती. सुगंधा डावखुरी."
बघितलं. जाळं उजव्या हातात होतं.
माझी चुलत जाऊ ती, इतकी वर्षं शेजारी बसून
मासे कापले आम्ही.

एका संध्याकाळी खोटं सांगितलं.
'गजबादेवी प्रसाद' धक्क्याला लागली आहे,
नवा रंग काढलाय, हिरवा, देखणी दिसते.
खरं तर आमच्याकडून घेतल्यावर तारीच्या पोरांनी
तिचं इंजिन काढून घेतलं आणि
चैतापासून ती चिखलात उलथी पडली होती.
कुर्ल्या राहात होत्या तिच्याखाली.
तो काही बोलला नाही.
चार दिवसांनी, लाईट गेलेली असताना,
अंथरुणावर, दोघांना सारख्याच काळोखात म्हणाला,
"माका म्हायत आसा. तिच्या इंजिनाचो आवाज
चैतापासून आयकाक नाय.
तू खोटा बोललंस त्याचा काय नाय.
पण हिरवो रंग? आपल्या होडयेक?"

हसलो मग. उशीत तोंड खुपसून,
पलीकडे सून उठेल म्हणून.
दुसऱ्या दिवशी उलथी होडी त्याला सांगितली,
फळीनं फळी,
कुठला खिळा गंजलाय तिथपर्यंत.
तो ऐकत होता. मध्येच एकदा
हातानं थांब म्हणाला, आणि मी थांबले.

मठात बुवा सांगतात, डोळे मिटा, आत बघा.
किती गुरुवार मिटले.
आत काय? उद्याचा बर्फ, मुलाचा हप्ता,
तीन वर्षांपूर्वी नणंद जे बोलली ते.
पण याच्यासाठी उघडे ठेवते तेव्हा
चिखलावरचं ऊन कसं सरकतं ते बघताना
नणंद नसते, हप्ता नसतो,
मनात सतत कुणाशी तरी भांडणारी ती बाई
तेवढा वेळ गप्प असते.
कधी कधी मला वाटतं ती नसतेच,
फक्त खाडी असते आणि ऐकणारा तो.
याला काय म्हणतात ते बुवांना विचारायचं
दर वेळी राहून जातं.
खरं म्हणजे विचारावंसं वाटत नाही.

काल म्हणाला, "खाडी ऱ्हवांदे.
तू कशी दिसतंस ता सांग."

इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.
डोळे होते तेव्हा बघत होता की नाही, देव जाणे.
मी खाली वाकून पाहिलं स्वतःकडे,
पाणी बघावं तसं.
अंगठ्यावर कोयत्याचा व्रण, जुना.
बांगडी एक कमी.
मनगटाला सकाळपासून चिकटून राहिलेलं खवलं.
एवढं सांगितलं.
पुढे काही येईना.

त्यानं चाचपून हात धरला,
नखानं ते खवलं सोडवलं,
दोन बोटांत घोळवत राहिला.
"तांबोशेचा?"
होय, म्हटलं.

टेकडीवरची पवनचक्की थांबली होती.
तेही सांगितलं.