आमच्या नावानं

पनवेलच्या बॉयलरवाल्यांकडच्या आपटेबाई म्हणाल्या,
तुमचं कोटेशन आलंच नाही.
मी म्हटलं, बाई, तीनदा पाठवलं.
मग त्यांनी शोधलं, आणि फोनवरच हसल्या.
होतं.
लॉटरी लागलेल्या कुणाच्या तरी खाली
आणि टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या वर
'खोत आणि कामेरकर, गॅस्केट व पॅकिंग,
नागदेवी स्ट्रीट, स्थापना १९७१'.
ऑर्डर तोवर ठाण्याला गेली होती.

बाबा म्हणाले, पूर्वी धाकू जायचा पाकीट घेऊन,
गेटवरचे लोक त्याला चालीवरून ओळखायचे.
आता गेटच विचारतं, बाबा,
आणि आपण कधी कुठे लिहूनच ठेवलं नाही
आपला माणूस कोण.

परकारांचा अस्लम फोनवरून सांगत गेला,
मी टाइप करत गेले.
आधी एसपीएफ. म्हणजे यादी:
आमच्या नावानं पत्र टाकायचा हक्क कुणाकुणाला.
मेलवाली कंपनी. बिलांचं सॉफ्टवेअर.
अजून कोणी, ताई?
मी दुकानभर नजर फिरवली.
खिळ्याला टांगलेल्या रबरी चकत्या, तांब्याच्या रिंगा,
वजनकाटा, बाबा.
नाही, म्हटलं. एवढेच.

मग डीकिम. एक किल्ली आपल्यापाशी,
तिची जोडीदार चारचौघांत टांगलेली,
कुणीही यावं, लावून बघावी.
वाटेत काना-मात्रा हलला तरी कुलूप चुगली करतं.
ती ओळ एवढी लांब की बाबांनी चष्मा काढून ठेवला.
ही सही आहे?
हो.
मग वाचता का येत नाही?
तुमची तरी कुठे येते, बाबा!

शेवटी डीमार्क. घाई नको, अस्लम म्हणाला,
आधी नुसतं बघायचं, कुणाला अडवायचं नाही.
रोज अहवाल येतील.
आपल्या नावानं कोण बोलतंय ते कळेल.

नवव्या दिवशी कळलं.
एक परका आकडा. रोज एक मेल, रोज नापास.
चोर असता तर हजारांनी पाठवता,
अस्लम म्हणाला, हा एकच कोण पाठवतो?
त्यानं माग काढला तर
ती लाइन आमचीच निघाली,
बिल आम्हीच भरत होतो,
दारूखान्याच्या गोदामाचं.

शनिवारी गेले. शेजारी गॅसकटरनं कुणी
जहाजाचा पत्रा कापत होतं.
आत कपाटामागे खोतकाकांचा कॉम्प्युटर
धुळीखाली घरघरत होता.
त्यांनीच बसवलेलं: रोज संध्याकाळी
शिल्लक मालाची यादी
स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर.
काकांना जाऊन येत्या माघात दोन वर्षं होतील.
यादी तेव्हापासून तीच.

बटणावर बोट ठेवलं, आणि का कोण जाणे,
आधी काकूंना फोन लावला.
हो गं, येतो की, काकू म्हणाल्या.
मेला कचऱ्यात जाऊन पडतो.
मी उचलून ठेवते रोज, निजायच्या आधी.
वर ह्यांचं नाव असतं ना.

गॅसकटर थांबला. पुन्हा सुरू झाला.

मी अस्लमला फोन केला.
अजून कोणी, विचारलं होतंस ना,
एक आहे. लिही.
तो काही बोलला नाही. आकडा दोनदा वाचून घेतला.
महिन्याभरानं दाराला अडसर घातला:
यादीबाहेरचा कुणीही आला
तर उंबऱ्यावरूनच परत.

आपटेबाईंचं आता लगेच उत्तर येतं.
रेट जास्त आहे, म्हणतात.

आणि काकूंचा फोन आला, घाबरलेल्या.
आज कचऱ्यात नाही गं आला.
वर बघा, काकू. सगळ्यात वर.
थोडा वेळ नुसता श्वास.
मग त्या वाचू लागल्या, मोठ्यानं,
पाढे म्हणावेत तशा, पाठच होतं त्यांना:
शीट बावीस.
ग्लँड पॅकिंग चाळीस किलो.
ओ-रिंग उद्या मोजू.