अकरा मिनिटं

अकरा मिनिटं चालतो, मग बंद.
मी दहा-बारा म्हणाले होते. चांदपाशा मिस्त्रीनं
दगडावर बसून मोबाइलवर मोजलं: अकरा.
"आकडा नीट सांगत जा ताई,
डॉक्टरला ताप सांगता तसा."

ट्रॅक्टर राखाडी, पेट्रोलवरचा,
मंठ्याजवळच्या बंद पडलेल्या बियाणे फार्मच्या लिलावात
वजनावर घेतलेला.
दीर म्हणाला, जालन्याच्या भट्टीत घाला,
दहा क्विंटल सळई तरी निघेल.
मी म्हणाले, आधी शेडमधून तर निघू दे.

बाभळीखाली पोतं अंथरून
कार्बोरेटर उतरवला. आत काळा डिंक,
कोंबडी सोलताना हाताला लागतं तसं काहीतरी.
मिस्त्रीनं वास घेतला. साचलेलं पेट्रोल, म्हणाला,
उतरलेल्या लोणच्यागत.
जेटच्या भोकात मी तार घालायला गेले
तर हातावर चापट.
"तार नक्को.
भोक वाढलं की इंजिनची भूक वाढते."
शेजारच्या म्हशीच्या शेपटीचा एक केस उपटून आणला.
म्हशीनं वळून बघितलं, पुन्हा रवंथ.
केस इकडून गेला, तिकडून निघाला,
आणि मिस्त्रीनं जेट उन्हाकडे धरला:
सुईच्या टोकाएवढं दुधनाकाठचं आभाळ.

दुसऱ्या दिवशी फ्लोट.
कानाशी धरून हलवला, आत खळखळ नाही.
चहाच्या पातेल्यात, कढत पाण्यात बुडवला.
एकही बुडबुडा नाही.
(त्या पातेल्यात पुन्हा चहा झाला नाही.)
म्हणजे फ्लोट निर्दोष.
निर्दोषांचीही झडती होते,
माफी मात्र त्यांची कुणी मागत नाही.

गॅस्केट फाटकं होतं. नवं कापलं
चुलतभावाच्या लग्नपत्रिकेतून.
वधूचं बी.ए. बी.एड. इंजिनात गेलं,
मुहूर्त बाहेर राहिला.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून हँडल मारलं.
धडधडला. कोंबड्या पांगल्या.
सातव्या मिनिटाला मी म्हणाले, जमलं!
मिस्त्री गप्प.
अकराव्याला एकदा खोकला, दोनदा,
आणि आवाज जमिनीत गेला.

बराच वेळ नुसता म्हशीचा रवंथ.

मग मिस्त्री उठला, टाकीचं झाकण
अर्धा आटा सैल केलं,
आणि टाकीनं श्वास घेतला.
मी ऐकला तो. लांब, आत ओढलेला,
नको ते विचारण्याआधी माणूस घेतो तसा.

झाकणाला एक छिद्र असतं, हवेसाठी.
पेट्रोल जेवढं खाली उतरतं
तेवढी हवा वरून आत यावी लागते,
नाहीतर टाकी आपलं आपल्यापाशीच धरून बसते.
छिद्रावर मातीचा वाळका थेंब.
कुंभारमाशीचं घर.
कुठल्या सालातली माशी, कोण जाणे,
लिलावाच्याही आधीची असेल.
तिनं आडोसा बघितला,
ट्रॅक्टर नव्हता बघितला.

मिस्त्रीनं नखानं खरवडलं.
आत कागदागत झालेली अळी,
कुणाच्या तरी लेकरासाठी ठेवलेली शिदोरी.
तळहातावर घेऊन तो बघत राहिला.
"तीन दिवस घशात बघत होतो मी, ताई.
दाबलेलं होतं नाक."
मजुरी एकाच दिवसाची मागितली.
मी तीनची दिली. दोनची परत ठेवली त्यानं,
सीटखाली, पान्याच्या शेजारी.
मला ती पुढच्या आठवड्यात सापडली.

पुन्हा हँडल.
नऊ, दहा. अकराव्याला दोघंही उभे.
बारावं मिनिट आलं,
आणि त्यात काय करायचं असतं
मला माहीतच नव्हतं.
विसाव्याला मी हात पुढे केला
आणि बंद केला.
मी केला म्हणून बंद झाला तो,
पहिल्यांदा.

झाकणाच्या छिद्रावर आता
बारीक जाळीचा तुकडा बसवलाय.
पातेल्यामागून गाळणीही गेली.