डबा वाजत नाही

लीलाधरची बायको पहिल्यांदा सावद्याला आली ती कोजागिरीला.
इमोजेन. नानीच्या तोंडात ते बसेना,
ती म्हणाली ईमा. मग गल्लीनं तेच धरलं.

ईमाला सगळं आवडलं.
केळीच्या घडांनी लादलेला ट्रक आवडला,
शेवभाजीनं डोळ्यांतून पाणी काढलं, तेही आवडलं.
गुलाबाईच्या नाकाला रंग लावायचा राहिला होता,
तो तिनं लावला, जीभ दातांत धरून.
ती तिकडे शाळेत शिकवते. सांगत होती,
आम्ही पोरांकडून रांगोळ्या काढून घेतो,
ईदला शेवया करतो,
चिनी नव्या वर्षाला कागदाचा ड्रॅगन
जिना चढवून वरच्या वर्गापर्यंत नेतो.

तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोटो आला.
दारात कोरलेला भोपळा, दात विचकून,
बाजूला दोन भाचे, चादरी पांघरून भुतं झालेले.
ईमाचं तोंड असं झालं
जशी कुणी खडीसाखर म्हणून तुरटी दिली.
काय बोलली ते पुरतं कळलं नाही,
'अमेरिकन' एवढंच कळलं,
आणि ज्या आवाजात तिनं तो शब्द उच्चारला
त्या आवाजात आम्ही फक्त भाऊबंदांची नावं घेतो.

लीलाधरनं सांगितलं,
म्हणते हे आमचं नाही, दुकानांनी आणलं.
पोरं दारोदार हिंडून गोळ्या मागतात.
मी म्हटलं, अन् आपल्या पोरी काय करतात?
ते वेगळं, काकू. ते तिला फार आवडतं.

मग हळूच म्हणाला,
हिचा आजोबा स्कॉटलंडचा.
लहानपणी तो सलगम कोरून आत मेणबत्ती लावायचा.
याच सणाला.
मग?
मग काही नाही.
बोटीनं गेलं, विमानानं आलं.
जाताना सलगम होतं.

मी हसले. मला हसायला काय जातं.

तोच चौकात स्पीकर सुरू झाला.
दसरा होऊन पाच दिवस झाले, तरी मंडळाचा दांडिया संपेना,
खास सुरतेहून आणलेला माणूस, 'केम छो सावदा!'
आणि माझी ऋचिता, गुलाबाईचं गाणं अर्धं टाकून,
आरशांचा घागरा सावरत जिन्यावरून पळाली.
माझ्या तळपायाची आग.
हे आपलं नाही, मी ओरडले, हे सुरतेचं!
आपल्यात होतं का असं कधी?

नानी वाती वळत होती.
मान वर न करता म्हणाली,
मंग आपण कुठून आलो व?
भाट वही वाचे तव्हा तू निजली व्हती का?

भाटाची वही. लाल फडक्यात.
नावांवर नावं, नावांखाली नावं,
आणि पार पहिल्या पानावर गुजरातेतलं एक गाव,
जिथं आमच्यातलं कुणी अजून बघायलाही गेलेलं नाही.

ईमानं विचारलं, काय म्हणाली?
लीलाधर माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, तिला सांग, चंद्र वर आला.

उरलेल्या पोरी खिरापतीला बसल्या.
डबा ईमाच्या हातात दिला. हलव, ओळख.
तिनं कानाशी धरून हलवला.
वाजेना.
शेंगदाणे? पोरी खिदळल्या. लाह्या?
नाही, नाही. केळ्याचे वेफर? हरली, हरली!
झाकण उघडलं. तळलेलं काही तरी, तपकिरी, मऊ.
तिनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली,
तिसरीला विचारलं, यात काय असतं?
मी म्हटलं, गूळ.

इतक्यात आरसे वाजवत ऋचिता परत आली, घामाघूम,
डब्यात हात घातला, तोंड भरलं,
डांगराच्या घाऱ्या! ती ओरडली.
आणि ईमाकडे वळून,
माझ्याकडे अजिबात न बघता,
पंपकिन, आँटी. पंपकिन.