तळओळ

एकतीस वर्षं क्रान्यच्या टपाल कचेरीत
मी शिक्के मारले.
पाठवणाऱ्याचं नाव एकाही पाकिटावर खोडलं नाही.
निवृत्त झालो, माशा पाळल्या,
आणि दरीतल्या एकशे चाळीस मधपाळांची
ही मेल-यादी पदरात पडली:
एकानं लिहायचं, सगळ्यांना पोचायचं.
मी मधला. हमाल म्हणा.

मार्चात येरिकानं लिहिलं,
पिलांना कूज लागलीय, वरच्या चार घरांत.
चौकटी कुणाच्या घेऊ नका, देऊ नका.
एकोणतीस जणांना ते मिळालंच नाही.
वर, परत आलेली पत्रं मोजून
माझ्याच यंत्रानं त्या एकोणतीसांना यादीबाहेर काढलं.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

पुतणी तादेया फोनवर म्हणाली,
येरिकाच्या मेल कंपनीनं दवंडी दिलीय:
आमच्या नावाचं पत्र, मोहोर फुटलेली दिसली
तर दारातूनच हाकला.
"पण फोडली कुणी?"
"तूच, काका."

मी फक्त प्रत्येक पत्राखाली
एक ओळ चिकटवायचो, लुडविकच्या वेळेपासूनची:
मधमाशी मरत नाही, वारते.
आमच्या भाषेत जनावराच्या मरणाला एक शब्द आहे,
माणसाच्या मरणाला दुसरा.
माशीला आम्ही माणसाचा देतो.
एवढंच. पण मोहोर अक्षरं मोजते.

माझ्या पेटीच्या दारातही पहारा असतो.
वाट चुकलेली परकी माशी हुंगतात,
पोटात मध असला तर येऊ देतात.
सर्व्हरला नाक नाही.
त्याला तरी काय बोलू? बँकेच्या नावाच्या
खोट्या पत्रानं म्हाताऱ्या स्लाव्कोचे
नऊशे युरो गेलेच की.

तादेया म्हणाली, दोन वाटा आहेत.
येरिकाच्या जागी यादीचं नाव घाल,
नाहीतर पत्राला हातच लावू नकोस.
पहिलीला माझी एकतीस वर्षं आडवी आली.

रात्री ओळ पुसली.
एकोणतीस जणांना एकेक करून परत घेतलं.
त्यातला एक म्हणाला,
चौकटी मी परवाच आणल्या रे, बोगोमिर.

आज सकाळी येरिकाचं पत्र:
काल अंधार पडल्यावर अकरा पेट्या जाळल्या.
आणि खाली, नावाच्या वर,
तिनं स्वतःच लिहिलेलं,
सगळ्या वारल्या.

एकशे चाळीसांना पोचलं.
मोहोर शाबूत.