दोनशे एकोणतीस किलो

हॉझच्या पेट्रोल पंपावर, शून्य वेगात,
गाडी पडली.
पडली म्हणजे बसली, हळूच,
म्हशीनं चिखलात बसावं तशी.
मी अर्ध्यापर्यंत तिच्यासोबत गेले,
मग सोडली. सोडावीच लागते.
पाय मध्ये घातला तर पायच जातो.

डाव्या बुटाखाली वाटाण्याएवढा खडा, बस.
तासाभरापूर्वी बटरटब्सच्या घाटात
मी बघेन तिकडे वळत होती.
तेव्हा कुठे ठेवलं होतं हिनं हे वजन?

इंजिन बंद केलं. मग स्वतःला चाचपलं.
लोक न बघितल्यासारखं बघत होते,
इथल्यांना ते छान जमतं.

ट्रेलरभर मेंढ्या थांबवून विनिफ्रेड उतरली.
म्हणाली, पहिल्या गिअरमध्ये टाक,
आता तोंड फिरव, पाठ दे तिला.
स्वतः पलीकडे उभी राहिली,
नाहीतर उठलेली गाडी तिकडे लवंडते.
सीटला पाठ लावून बसले,
आणि उलट्या पावलांनी, इंचाइंचानं,
उठलो, गाडी आणि मी.

आरसा गेला. क्लचचा दांडा वाकलाय, पण चालतो.
गुडघा घरी पोचल्यावर बोलेल.
सतीशला सांगायचं का, ते लेबर्नपर्यंत ठरवेन.

निघताना मात्र
बुटानं आधी जमीन झाडून घेतली.